सगुणाबाईंच्या सवतीची दुरुस्ती

दौलतराव कणसे वारल्यावर सरकारने त्यांची थ्री नॉट थ्री रायफल त्यांच्या बायकोकडे, सगुणाबाईंकडे, सांभाळायला पाठवली आणि रेशनकार्डावर रायफलीचं नातं 'सवत' असं लागलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. धोंडखडी हे फौजी गाव. इथल्या बायका नवऱ्याच्या बंदुकीला पहिल्यापासून सवतच म्हणत आल्या होत्या. सरकारने तेवढं ते कागदावर आणलं.

थोरली कोण आणि धाकटी कोण, यावरून मात्र कचेरीत थोडी घासाघीस झाली. सगुणाबाई म्हणाल्या, लग्नाची मी आहे. तिथले बर्गे साहेब म्हणाले, बाई, नियमात लग्न बघत नाहीत, सहवासाचे महिने बघतात. दौलतरावांची नोकरी सव्वीस वर्षांची. वर्षातले दोन महिने सुट्टीवर घरी, दहा महिने रायफलीजवळ. निवृत्तीनंतरची वर्षं धरत नाहीत, कारण त्या काळात माणूस नुसता घरात असतो. साहेबांनी कागदावर गुणाकार केला आणि रायफल थोरली ठरली. सगुणाबाईंनी सही केली, घरी येऊन रायफल माजघराच्या कोपऱ्यात उभी केली आणि चार दिवस तिच्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी रायफलच बोलली.

"सगुणा, तो इथं पण आमटीत गूळ मागायचा का गं?"

"न्हाई," सगुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "गुळाचं नाव काढलं तर ताट सारायचा. तिखट लागायचं त्याला."

"तिकडं गूळ मागायचा. पलटणीच्या लंगरचा आचारी वैतागायचा."

सगुणाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपू दिली. मग म्हणाल्या, "आणि काय काय मागायचा?"

तिथून जे सुरू झालं ते सहा वर्षं थांबलं नाही. एकीला दौलतरावांचे वर्षातले दोन महिने ठाऊक, दुसरीला दहा. दोघी बसल्या की नवऱ्याचं एक वर्ष पुरं व्हायचं. एकाहत्तर सालापासून, म्हणजे नोकरी लागली तेव्हापासून, एकेक वर्ष घ्यायच्या आणि निवडायला घेतलेल्या तांदळासारखं पसरून बसायच्या. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत पोचायला त्यांना सहा वर्षं लागली. सगुणाबाई तिला आक्का म्हणू लागल्या. रोज दुपारी तिच्या लाकडी दस्त्याला जवसाचं तेल लावायच्या, दोरीला चिंधी बांधून नळीतून ओढायच्या. स्वतःच्या गुडघ्यांना त्यांनी एवढं तेल कधी लावलं नव्हतं.

घरातल्या बाकीच्यांना मात्र ही थोरली नकोशी झाली होती. पहाटे पाचला ती खणखणीत आवाजात "उठो" म्हणायची. प्रतापला, म्हणजे सगुणाबाईंच्या मुलाला, दूध डेअरीच्या सेक्रेटरीपदामुळे आठपर्यंत झोपायची सवय. सूनबाई शोभाच्या माहेरची माणसं आली तेव्हा रायफलीने सगळ्यांसमोर विचारलं की या घरात चादरींच्या घड्या कोण आणि कधी करतं. प्रतापच्या पोटाविषयी ती जे बोलली ते शोभाने पाहुण्यांना टीव्हीचा आवाज वाढवून ऐकू दिलं नाही.

मग रायफल आजारी पडली. एवढं तेल लावूनही नळीला गंज चढला, दस्त्याला उभी चीर गेली आणि गोळी भरताना सरकवायचा बोल्ट अडकायला लागला. बोल्ट अडकला की शब्दही अडकायचे. "दौलत त्या दिवशी" म्हणायची आणि पुढचं दोन तासांनी यायचं.

गावाने रिवाजाप्रमाणे भेटायला यायला सुरुवात केली. बिस्किटाचे पुडे आले, शहाळी आली. शहाळ्याचं पाणी पोराटोरांनी प्यायलं. प्रत्येक जण रायफलीसमोर बसायचा, "बरं दिसतंय की आज" म्हणायचा आणि उंबऱ्याबाहेर गेल्यावर म्हणायचा की काही खरं नाही. ज्यांनी आपल्या घरची रायफल दुरुस्त केली होती ते म्हणाले, करा, पश्चात्ताप नको. ज्यांनी केली नव्हती ते म्हणाले, या वयात कशाला उगाच चिरफाड, आहे तेवढं सुखाने जाऊ दे. शेजारचे मारुतीअण्णा निकम म्हणाले, आमच्या घरचीचा दस्ता बदलला, नळी बदलली, बोल्ट बदलला, आता ती आम्हाला ओळखत नाही, पण तब्येत ठणठणीत आहे.

तालुक्याचा मिस्त्री येऊन नळीला डोळा लावून बघून गेला. चौतीस हजार म्हणाला. एवढ्या पैशात बरी म्हैस येते.

"पैशाचं बघायचं नाही," प्रताप म्हणाला. "थोरली आई आहे ती माझी."

सगुणाबाईंनी पोराकडे नीट बघितलं. त्यांचा चष्मा फुटला होता तेव्हा याच पोराने तीन महिने दोऱ्याने बांधून दिला होता. त्यांनी शोभाकडे बघितलं. शोभा इतक्या मायेने रायफलीवर शाल पांघरत होती की काहीतरी शिजतंय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

दुपारी तेल लावताना त्यांनी आक्कालाच विचारलं.

"दुरुस्त झाले की," रायफल म्हणाली, आणि बोल्ट अडकला. सगुणाबाईंनी सगळा दस्ता तेलाने चोळून काढला, तेव्हा कुठे पुढचं आलं. "परत बोलावणं येतं. यंदापासून धडधाकट रायफल घरी ठेवत नाहीत. आठ दिवसांत हजर व्हायचं असतं. प्रतापने दुरुस्तीचा फॉर्म वाचलाय."

"म्हणजे मला ठेवून जाणार तू."

"हो."

"तुला जायचंय?"

या वेळी बोल्ट अडकला नाही. "जायचंय, सगुणा. कोपऱ्यात उभं राहून गंजायला जीव कंटाळलाय."

सगुणाबाईंना फार वाईट वाटलं. रागही आला. त्या उठून परसात गेल्या, म्हशीला उगाच दोन शिव्या दिल्या आणि जरा वेळ गोठ्यात बसून रडल्या. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. हडकुळा होऊन आलेला माणूस दोन महिने तूप, अंडी, डिंकाचे लाडू घालून धडधाकट करायचा आणि बसमध्ये बसवून द्यायचा. निवृत्त झाला, आता सुटले म्हणावं, तर तो मेला. आता ही. अजून नोकरीची निम्मी वर्षंसुद्धा झाली नव्हती. ऐंशी साली दौलतराव सिक्कीमला होते आणि तिथून आलेल्या पत्रांत त्यांनी हवेखेरीज काही लिहिलं नव्हतं.

पण संध्याकाळी त्यांनी फॉर्मवर सही केली. कुणाला आजारी ठेवून जवळ ठेवायचं, हे त्यांच्याने झालं नाही.

मिस्त्रीने अकरा दिवस घेतले. रायफल परत आली ती अंगणातूनच "उठो" म्हणत आली. दुपारचे साडेबारा वाजले होते. दस्ता सांधून चकचकीत झाला होता, बोल्ट लोण्यासारखा सरकत होता. प्रतापने पेढे वाटले.

हजर होण्याआधीची तपासणी तालुक्याच्या मैदानावर होती. बर्गे साहेब टेबल टाकून बसले होते. शंभर पावलांवर ओंडक्यावर मडकं ठेवलं होतं.

"खांदा कोण देणार?" साहेबांनी विचारलं.

"कसला खांदा?" प्रताप म्हणाला.

"घरातल्या माणसाच्या खांद्यावरून एक गोळी झाडायची. मडकं फुटलं की रायफल पास. मग ती आणि तो खांदा, दोघं आठ दिवसांत हजर."

"दोघं?"

"रायफल काय एकटी चालत जाणार आहे का?" साहेब शांतपणे म्हणाले. "फॉर्मच्या मागच्या बाजूला आहे."

प्रतापने पुढची बाजू तीनदा वाचली होती. त्याचा चेहरा उतरला. पण घरात पुरुष तो एकच आणि मैदानावर निम्मं गाव जमलेलं. त्याने रायफल उचलली, डोळे मिटले आणि घोडा ओढला. मडकं जागेवर राहिलं. डावीकडच्या कडब्याच्या गंजीतून धूर निघाला आणि दोघे जण पाण्याची बादली घेऊन पळाले.

"याला खांदा नाही," रायफल म्हणाली. "उशी आहे."

आयुष्यात पहिल्यांदाच प्रतापला तिचं बोलणं गोड लागलं. शोभा न विचारताच म्हणाली की तिला बीपी आहे. साहेबांनी नापासचा शिक्का हातात घेतला. नापास म्हणजे भंगार. तसं पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं.

"थांबा," सगुणाबाई म्हणाल्या. "माझा चालंल का?"

साहेबांनी पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून चार पानं उलटली. "वय?"

"अडुसष्ट."

"वयाची अट रायफलीला आहे. खांद्याला नाही. चालेल."

"आणि तिथं आम्ही दोघी एकाच जागी राहणार ना?"

"रात्रंदिवस. झोपताना पण उशाशी घेऊन झोपायचं, असा नियम आहे."

"मग आणा."

सगुणाबाईंनी पदर खोचला आणि रायफल खांद्याला लावली. "श्वास सोड," आक्का हळूच म्हणाली, "अर्धा. आता." गोळी सुटली, सगुणाबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि मडक्याची खापरं झाली. साहेबांनी पासचा शिक्का मारला, सगुणाबाईंची उंची मोजली आणि बुटाचं माप विचारलं. त्यांना ते माहीत नव्हतं. जन्मात बूट घातला नव्हता.

आठव्या दिवशी सगळं घर एसटी स्टँडवर आलं. शोभाने डिंकाचे लाडू केले होते. डब्यात भरताना ती रडली आणि ते खोटं नव्हतं, कारण डेअरीवर धाडायचा चहा, म्हशीची धार आणि प्रताप हे सगळं आता तिच्यावर येणार होतं. "जिवाला जपा," ती म्हणाली. प्रताप म्हणाला, "पोचल्यावर पत्र टाक." नोकरीवर निघालेल्या आईला काय म्हणायचं असतं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

कंडक्टरने रायफलीला ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट दिलं. सगुणाबाईंनाही अर्धंच हवं होतं, पण ड्यूटीवरच्या माणसाला सवलत नाही म्हणाला आणि पूर्ण फाडलं.

गाडी हलली. सगुणाबाई खिडकीतून मान वळवणार, तेवढ्यात रायफल म्हणाली, "मागं बघू नकोस."

"का गं?"

"बघितलं की उतरावंसं वाटतं. दौलत कधी बघायचा नाही."

सव्वीस वेळा त्या याच स्टँडवर उभ्या राहिल्या होत्या आणि सव्वीस वेळा त्या माणसाने मागं वळून बघितलं नव्हतं. दगड आहे मेला, असं म्हणत त्या घरी जायच्या आणि तो राग त्यांनी त्याच्या मरणानंतरही नीट जपून ठेवला होता. गाडी वळणावर येईपर्यंत त्यांनी रायफलीचा पट्टा घट्ट धरला आणि समोरच्या सीटकडे बघत बसल्या.

स्टँडवर प्रताप हात वर करून उभा होता. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्याने हात खाली घेतला.

"वळून बघितलंसुद्धा नाही म्हातारीने," तो शोभाला म्हणाला, आणि घराकडे चालू लागला.