व्याह्याच्या कपाळी काव

औषध पाजावं तर मीच! उगाच मोठेपणा सांगत नाही. आम्ही मेंढरं विकून शेती धरली त्याच्या आधी अख्खा कळप माझ्या हातून औषध प्यायचा. मान काखेत धरायची, हनुवटी वर करायची, बांबूची नळी जबड्याच्या कडेनं आत सारायची आणि ओतायचं. मग कपाळावर ओल्या कावेचा तांबडा ठिपका, म्हणजे पाजलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं ते कळतं. एक मेंढरू सुटलं असेल तर दाखवा.

त्या श्रावणात नातवंडांची पोटं माठासारखी झाली. यवतच्या दवाखान्यातल्या इनुसभाई कंपाउंडरनं जंतांचं तांबडं गोड औषध दिलं आणि पोरांना पाजा म्हणाला. मी मनात म्हटलं, एकाला जंत म्हणजे कळपाला जंत. घरातला एकही सोडायचा नाही. त्यात गिता यायची होती.

गिता माझी धाकटी. शिरूरकडं दिलेली. लग्न झाल्यापासून पंचमीला एकदाही आली नव्हती. दरसाल कुणीतरी मुराळी तिला आणायला जायचा आणि मोकळा परत यायचा. दुसऱ्यांच्या लेकी माहेरी आल्या की मी विहिरीवर जायचंच सोडून द्यायची. आणि औंदा तिचे सासरे सोपानराव, त्यांनीच निरोप धाडला, की स्वतः आणून सोडतो, पंचमी होईस्तोवर राहू दे. त्या दिवसापासून मी कामाला लागले. घर सारवलं, भांडी घासली, आता माणसं आतून घासायची तेवढी राहिली होती.

पाजून लेक झाले, सुना झाल्या, नातवंडं झाली. सगळ्यांच्या कपाळी काव! गोड औषधानं मरायला जंत काय पाहुणे आहेत? म्हणून वर माझ्या मनानं एरंडेल. राहिले फक्त आमचे मालक. ते डोक्यावर घोंगडी घेऊन मागल्या दारानं पळाले. जन्म मेंढरांत गेला त्यांचा, आणि नळी बघून कोकरू झाले. भूक लागली की येतील, म्हणून मी नळी भरून चुलीपाशी दाराआड उभी राहिले.

बाहेर भुरभुर, घरात ओल्या लाकडांचा धूर. एवढ्यात घोंगडी घेतलेलं डोकं ठेंगण्या दारातून वाकून आत आलं. घातली झडप! मान काखेत, हनुवटी वर, नळी आत. गडी हात झाडतोय आणि मी बजावतेय, "गिळा मुकाट्यानं. म्हातारं झाला तरी खोड जाईना." एरंडेलसुद्धा पोचलं. अंगठ्यानं काव लावली, तेवढ्यात मागनं आवाज आला.

"आये, सोड. मामंजी हायती ते."

गिता दारात उभी होती. काखेत बोचकं, अंगानं वाळलेली. आधी पोरीला डोळे भरून बघू का व्याह्यापुढं पदर घेऊ, तेच कळेना. व्याह्याची मान अजून माझ्याच काखेत होती.

सोपानरावांनी मिशा पुसल्या. आमच्या लेकांनी पाय धरले, मालक कुठूनसे येऊन हात जोडून उभे राहिले. पण सोपानराव म्हणाले, "चल गं पोरी. ह्ये घर न्हवं, मेंढवाडा हाय." गितानं बोचकं उचललं. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. बघितलं असतं तर तिचा पाय निघाला नसता.

पण एरंडेल कुणाच्या रागाला भीत नाही. फाट्यापर्यंत पोचायच्या आत व्याही बाजरीत शिरले. यष्टी आली, थांबली, गेली. व्याही बाजरीतच.

मग काय, मुक्काम पडला. मी देवापुढं साखर ठेवली. पण गिता राहिली ती सासऱ्यासाठी. मामंजींना पेज, मामंजींना ताक, मामंजींचं धोतर. तिच्यासाठी केलेली शेंगांची पोळी तिनं उभ्याउभ्या खाल्ली. एकदाच चुलीपाशी माझ्या मांडीवर डोकं टेकलं. मी केसांत हात घातला आणि विचारणार, बाई, सुखात हायस ना? तर ओसरीवर खाकरणं झालं. उठली आणि गेली.

पंचमीच्या आदल्या दिवशी सोपानराव उठून बसले. बरीच वर्षं पोट इतकं हलकं नव्हतं, म्हणाले. खूश होऊन सकाळच्या गाडीनं घरी गेले. गिताला घेऊन.

पुढल्या श्रावणात सोपानराव यष्टीतून उतरताना दिसले. मी त्यांच्यामागं बघितलं. गाडी निघून गेली, आवाज विरला, तरी बघत राहिले. ते एकटेच होते. औषधासाठी आलेले! उंबऱ्यावर बसून आपणहून हनुवटी वर केली, वर कावेसाठी कपाळही पुढं केलं.

मग माझंही डोकं चाललं. एरंडेल दुप्पट ओतलं आणि ड्रायव्हरापाशी निरोप दिला, सासरा आजारी हाय, सुनेला धाडा.

दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून मी फाट्यावर उभी. यष्टी थांबली. आधी बोचकं खाली आलं, मग पाय, मग आमच्या विहीणबाई.

"म्हशींपाशी गिताला ठेवलीया," त्या म्हणाल्या. "ह्यांचं म्या बघते. आन् आलेच हाय तर मलाबी द्या वो थोडं औषध."

दिलं. लिंबाला गितासाठी झोका बांधला होता. त्यावर विहीणबाई बसल्या, आणि पंचमीभर मी झोके देत राहिले.