वीस किलो फ्लॉवर

वडिलांचा पहिला स्मृतिदिन होता. स्नेहलने, म्हणजे माझ्या बायकोने, दोनच गोष्टी माझ्यावर सोपवल्या. पुऱ्यांसाठी वीस किलो कणीक आणि फोटोपुढे वाहायला पाच किलो पांढरी फुलं.

"विपुलला फोन करून सांगा," ती म्हणाली. विपुल आमच्या कुंभिवलीचा टेंपोवाला. रोज पहाटे बाजारात जातो आणि गावाचं सामान आणतो.

मी फोन केला नाही. मेसेज लिहायचं ठरवलं, आणि तोही इंग्रजीत. (मोहोपाड्याला कंपनीत मी डिस्पॅचचा क्लार्क. बावीस वर्षं इंग्रजीत चलनं लिहितोय. ड्रायव्हर लोक साहेब म्हणतात, त्याचा परिणाम माणसावर होतोच.)

"मराठीत लिहा ना."

"मराठीत गोंधळ होतो," मी म्हणालो.

इंग्रजीत पिठाचा आणि फुलाचा शब्द कानाला अगदी सारखा. लिहिताना एकात यू येतो, दुसऱ्यात डब्ल्यू. कशात काय येतं, यावर मी पाच मिनिटं विचार केला आणि विचार करून चुकलो. डब्ल्यूवाला शब्द वीस किलोपुढे पडला, यूवाला पाच किलोपुढे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला टेंपो दारात आला. विपुलने दोन गोण्या उतरवल्या. स्नेहलने एका गोणीचं तोंड सोडलं. आत फ्लॉवरचे गड्डे होते.

"हे काय?"

"फ्लॉवर, वैनी. वीस किलो. साहेबांनी लिवलंय."

"आणि फुलं?"

"फुलं नाय लिवली. पाच किलो पीठ लिवलंय, ते आणलं. पिठाच्या पिशवीवर तोच शब्द असतो, रोज बघतो की मी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला वाटलं, पुऱ्या कमी, भाजी जास्त. इंग्रजीत लिवलंय म्हणजे इचार करूनच लिवलं असंल."

स्नेहलने फक्त घड्याळाकडे बघितलं. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. अकराला भंतेजी येणार होते, साठ माणसं जेवायला होती, आणि बाबांच्या फोटोपुढे एक पाकळी नव्हती. बाबांसाठी एवढं तरी नीट करायचं, असं मी ठरवलं होतं. मला ओसरीवर बसून राहावंसं वाटलं आणि मी बसलो.

आई आतून आली. पांढरं लुगडं नेसून तयार होती. गोणीत वाकून बघितलं.

"पांढरी हायेत ना?"

"आई, ती भाजी आहे."

"ठावं हाय रं मला. तुझ्या बापानं तीस वरसं माथेरानला हाटेलात भाजी पोचवली. गाडी नाय, घोडं परवडत नाय, मंग डोक्यावर टोपली. ह्यांना कुनी गुलाब दिला नाय कदी. फ्लावर मातर रोज डोक्यावर व्हता."

तिने चार गड्डे निवडले, पानं काढली, धुतले, आणि फोटोपुढे मेणबत्त्यांच्या मध्ये ठेवले. मग फोटोकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मीही जाऊन तिच्याशेजारी उभा राहिलो. (बाबा फोटोत हसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.)

शेजारच्या इंदूबाईंनी तांदळाचं पीठ आणलं, आणखी तिघी धावून आल्या, पुऱ्यांच्या जागी भाकऱ्या झाल्या. भंतेजींनी वंदना घेतली. गड्ड्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. फ्लॉवर-वाटाण्याची भाजी लोकांनी तीन-तीनदा मागून घेतली.

संध्याकाळी मन भरून आलं होतं. आपल्या उपस्थितीबद्दल आभार, असा मेसेज मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. इंग्रजीतच, भावना फार होत्या. दहा मिनिटांत कर्जतहून चुलतभाऊ किशोरचा फोन आला.

"दादा, चुकलंच आमचं. रिकाम्या हाताने आलो. रविवारी स्टीलचा डबा घेऊन येतो."

मी मेसेज पुन्हा वाचला. 'प्रेझेन्स'ऐवजी 'प्रेझेंट्स' पडलं होतं. उपस्थितीबद्दल नव्हे, मी भेटवस्तूंबद्दल आभार मानले होते.

"माफी मागतो लगेच," मी म्हणालो आणि टाईप करू लागलो.

स्नेहलने फोन माझ्या हातातून अलगद काढून घेतला आणि मराठीत लिहिलं, 'यांच्या इंग्रजीकडे कुणी लक्ष देऊ नये.'

लगेच एकेचाळीस अंगठे आले. पहिला आईचा होता. तिला फोन फक्त उचलता येतो, अशी माझी समजूत होती.