थर्मामीटरवाल्या तांबोळी मॅडम

आमच्या धायरीच्या सोसायटीत कुणाकडेही चहाला बसल्या, की तांबोळी मॅडम आधी पर्समधून थर्मामीटर काढतात. ताप बघायचा नव्हे, सुईसारख्या लांब टोकाचा. तो कपात बुडवतात, आकडा बघतात, रुमालाने टोक पुसतात आणि मगच कपाला तोंड लावतात. सेक्रेटरींच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी तो गार मठ्ठ्यात खुपसला आणि यजमानांकडे बघून म्हणाल्या, "अठ्ठावीस. याला गार म्हणायचं धाडस केलंत, अभिनंदन."

"मोजलंत?" हा त्यांचा एकमेव प्रश्न. यंदा उकाडा फार आहे म्हणा, वरच्या मजल्यावरचे फार आवाज करतात म्हणा, नवरा पूर्वीसारखा बोलत नाही म्हणा. समोरून येणार ते हेच. लोक त्यांना बोलवायचे कमी झाले. मॅडम एकट्या राहतात, सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जातात आणि दिवे लागल्यावर परततात.

मी पत्रकं काढते. बोगस औषधांविरुद्ध आमचा गट आहे, आणि मला मवाळ बोलता येत नाही. लुटारूला मी लुटारूच लिहिते. मॅडम माझं प्रत्येक पत्रक लाल पेनाने तपासून परत देतात. "'हजारो लोक फसले' असं लिहिलंयस. मोजलेस?"

अशात लोणी काळभोरच्या माझ्या सुमनआत्याच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या. कॅन्सर होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि लवकर सांगितलं. आत्या घाबरली. घाबरलेली माणसं हुडकून काढण्यात काही लोकांचा हातखंडा असतो. आठवड्याच्या बाजारात टेबल मांडून बसलेल्या एका कोटवाल्याने तिला चुंबकाचा पट्टा विकला. छातीला बांधायचा, गाठ आपोआप विरघळते म्हणे. माझं डोकं फिरलं. मी तडक मॅडमकडे गेले आणि म्हणाले, 'चुंबकाने कॅन्सर बरा होतो हे थोतांड आहे' एवढ्या वाक्याखाली सही करा.

"नाही करणार," मॅडम म्हणाल्या. "मग मी रोज प्रयोगशाळेत जाऊन काय करते? भजी तळते?"

तेव्हा कुठे मला त्यांचं काम कळलं. लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण, साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाहीत इतके बारीक, गाठीत सोडायचे. बाहेरून तांब्याच्या वेटोळ्यातून झपाट्याने उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. कण तापतात. त्रेचाळीस अंशांच्या आसपास गाठीतल्या पेशी खचायला लागतात, शेजारच्या निरोगी पेशी बहुतेक तग धरतात. पट्ट्यातलं चुंबक नुसतं बसून असतं, ते कशाला तापवणार? ऐकून मी इतकी पेटले, की त्याच आठवड्यात पत्रक छापलं: 'खोटं चुंबक, खरं चुंबक'. हे काम अजून तपासणीत आहे, डॉक्टरांचे उपचार सोडू नका, हे मॅडमचं वाक्य मी जाड टाइपात घातलं होतं. आत्याने ते एक सोडून बाकी सगळं पत्रक पाठ केलं.

तिचा फोन आला. पट्टा गोठ्यात फेकला म्हणाली. मी जिंकल्यासारखी हसले. मग ती म्हणाली, "आन् आपरेशनबी नको म्हणून कळवलंय. खरं चुंबक हाय की तुझ्या मॅडमकडं. थांबते मी."

मॅडमना हे सांगितलं तेव्हा थर्मामीटर कपात होता. त्यांनी आकडा न बघताच तो बाहेर काढला. "बोलून पटायचं नाही. घेऊन ये त्यांना."

प्रयोगशाळेत मॅडमनी ते कण मिसळलेलं, शाईसारखं काळं पाणी भरलेली एक नळी वेटोळ्यात ठेवली आणि बटण दाबलं. तापमानाचा आकडा चढत गेला. त्रेचाळीसवर आत्याने हात जोडले. "झालं की. मंग वाट कसली बघताय? सोडा माझ्यात."

मॅडमनी कपाटातून जेलीचा एक गोळा आणला. तेच काळं पाणी सुईने त्यात सोडलं आणि पात्याने गोळा मधोमध कापला. एका कोपऱ्यात काळा डाग होता, बाकी गोळा कोरा.

"ही गाठ समजा. इथे तापेल," त्या डागावर बोट ठेवून म्हणाल्या. "इथे नाही. कोरा भाग जगतो आणि पुन्हा वाढतो."

आत्याने वाकून कोऱ्या भागावरून बोट फिरवलं. "फवारा समद्या पिकावर बसला न्हाई तर कीड ऱ्हातीच."

"तेच. सगळीकडे सारखं कसं पसरवायचं, ते मला अजून जमलेलं नाही."

"कधी जमंल? अंदाजानं सांगा."

"मी अंदाजाने बोलत नाही, आत्या. परदेशात काही गाठींवर, थोड्या पेशंटवर करून बघितलंय. तुमच्यासाठी आज माझ्याकडे काही नाही. सर्जनकडे आहे. माझ्यासाठी एक दिवससुद्धा थांबायचं नाही."

"तुमीच म्हनताय, तुमचं नको?"

"मीच म्हणतेय."

आत्याने पदर सावरला. पट्टा विकणारा असं काही बोलला नव्हता, एवढंच ती म्हणाली. मग अट घातली, की ऑपरेशनच्या दिवशी मॅडमनी यायचं. मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे. "मी? मी यायचं?" असं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

ऑपरेशनआधी आम्ही तोच आठवड्याचा बाजार गाठला. मी पत्रकं वाटली, आणि मॅडम त्या कोटवाल्याच्या टेबलासमोर स्टूल टाकून बसल्या. गिऱ्हाईक पट्टा बांधून बघायला लागलं, की त्या थर्मामीटरचं टोक पट्ट्याखाली सारायच्या आणि मोठ्याने आकडा वाचायच्या. "चौतीस. ही तुमच्याच अंगाची ऊब आहे, ती घरी फुकट मिळते." दुपारपर्यंत त्याने टेबल आवरलं. पुढच्या बाजाराला तो पुन्हा येईल. आम्हीही जाऊ.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही हॉस्पिटलात पोचलो, तर मॅडम बाकावर आधीच बसलेल्या होत्या. डबासुद्धा उघडला नव्हता. गाठ निघाली. आत्याला वॉर्डात आणलं तेव्हा ती भुलीच्या गुंगीत थंडीने कुडकुडत होती. नर्सने ब्लँकेट घातलं, तरी पावलं बाहेर राहिली. मॅडम पायथ्याशी बसल्या आणि ती पावलं त्यांनी दोन्ही हातांत धरली.

सवयीने मी त्यांच्या पर्समधून थर्मामीटर काढून पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. मग वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "आत्या, बरं वाटतंय का?"

आत्याने डोळे उघडले नाहीत. "हात लई गार हायेत तुमचे," ती पुटपुटली. मॅडम चटकन हात मागे घ्यायला लागल्या, तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. काढू नका."