लीलाधरभाऊंचं पुस्तक आफ्रिकेत

लीलाधरभाऊंच्या आत्मचरित्राचं प्रकाशन बुऱ्हाणपुरात करायची सोय नव्हती, कारण बुऱ्हाणपुरात भाऊंना सगळे ओळखत होते. बेचाळीसच्या चळवळीत भाऊंनी तारा तोडल्या, पोलिसांना चकवून राजघाटावरून भर पुरात तापी पोहून पार केली, असं पुस्तकात होतं. प्रत्यक्षात ते वर्ष त्यांनी भुसावळला साडूच्या घरी गादीवर लोळून काढलं होतं. पाण्याची तर त्यांना इतकी धास्ती, की घाटावरही ते तांब्यानेच अंघोळ करत.

हे वामन मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, कारण पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं. लोधीपुऱ्यातल्या शाळेची त्यांची हेडमास्तरकी भाऊंच्या शब्दावर अडली होती. त्यातच नवं राज्य झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि भोपाळात भाऊंना कोणी विचारीना. निवडणुकीचं तिकीट हवं, तर काहीतरी वजनदार दाखवणं भाग होतं. साडू रमेश आता पूर्व आफ्रिकेत कापसाचं जिनिंग चालवत होता. तिथल्या विद्यापीठाला त्याने सभागृह बांधून दिलं होतं. प्रकाशन तिथेच ठरलं. मास्तरांनी पुस्तकाचं इंग्रजी केलं आणि दुभाषी म्हणून तेही बोटीत बसले.

तिथे अजून इंग्रजांचंच राज्य आहे, हे भाऊंच्या ध्यानात आलं ते व्यासपीठावर बसल्यावर. पहिल्याच रांगेत टोपी मांडीवर घेऊन एक गोरा पोलीस अधिकारी बसला होता. मागे सभागृह भरून विद्यार्थी, आणि त्यांनी पुस्तक खरोखर वाचलेलं. बुऱ्हाणपुरात हा धोका कधीच नव्हता.

एक उंच मुलगा उठला. पहारा असताना तारा तोडल्या कशा आणि कोणत्या हत्याराने, हे त्याने अदबीने विचारलं. अधिकाऱ्याने खिशातून पेन्सिल काढली.

मास्तरांनी प्रश्न मराठीत सांगताच भाऊंना घाम फुटला. "मास्तर, यायले बोलून द्या," ते कुजबुजले, "मी कायी तोडलं नही. मी तं भुसावळले साडूच्या घरी होतो."

मास्तरांनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. भाऊंबद्दल खरं बोलण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, आणि जिभेला ते फार गोड लागलं.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पोलिसासमोर खरा क्रांतिकारक असंच बोलणार, हे मुलांनी ओळखलं होतं. भाऊ आणखी घाबरले. आपल्याला पोहता येत नाही, असं त्यांनी सांगितलं, टाळ्या वाढल्या. इंग्रज सरकार फार दयाळू होतं, ते गेलं त्याचं दुःख होतं, असंही म्हणाले. तेव्हा मुलं बाकं बडवत हसली. असा झणझणीत उपरोध त्यांनी ऐकला नव्हता. शेवटी भाऊंना खांद्यावर घेऊन मिरवणूकच गव्हर्नरच्या बंगल्याकडे निघाली. वरून भाऊ केविलवाणे ओरडत होते, "उतरवा, उतरवा मले." मुलांनी मास्तरांना अर्थ विचारला आणि लगेच त्याची घोषणा केली. साऱ्या रस्त्याने "उतरवा" दुमदुमलं.

रमेश मागच्या दाराने सटकला. भाऊ आणि मास्तर कोठडीत गेले. भाऊ तिथे मुलासारखे रडले. मग भयंकर चिथावणीखोर म्हणून दोघांना बेड्या घालून बोटीवर चढवलं.

बुऱ्हाणपुरात परतल्यावर शनवाऱ्यातल्या सभेत भाऊंनी हे सगळं सांगितलं. रडण्याचं तेवढं गाळलं; बाकी एक शब्द वाढवला नाही, वाढवायची गरजच नव्हती. केळीचा व्यापारी कडूशेठ शांतपणे उठला. "भाऊ, या बारी कोणत्या साडूकडे होते?" त्याने विचारलं.

माणसं हसून लोटपोट झाली. भाऊ कळवळून म्हणाले, "मास्तरले विचारा ना. ते संगे होते." पुस्तक कोणी लिहिलं हे सगळ्यांना ठाऊक होतं; लोक मास्तरांकडे पाहून दुप्पट हसले. तिकीट दुसऱ्याला गेलं, हेडमास्तरकीही त्या दुसऱ्याच्या भाच्याला.

घरी मास्तरांनी जेवताना बायकोला, मालतीला, पहिल्यापासून सगळं ऐकवलं. बेडीचा मनगटावरचा वळही दाखवला. तिने मन लावून ऐकलं आणि ताटात भाकरी वाढली.

"चांगलं जमलं," ती म्हणाली. "फकत ती मिरवणूक काढून टाका. कोणाले खरी नही वाटणार."