टेकडीला न पटलेली कारणे

शिरवलीची टेकडी कारण पटल्याशिवाय कोणाला चढू देत नाही. कारण उसने असेल तर माणूस दहा पायऱ्या चढतो, अकरावी म्हणून पाय ठेवतो आणि ती पहिलीच निघते. लोकांचे गुडघे वाचावेत म्हणून नगरपालिकेने पायथ्याशी एक खिडकी उघडली आहे. तिथे मुजावरभाऊ बसतात. आपण कारण चिठ्ठीवर लिहून द्यायचे, ते ती पहिल्या पायरीवर ठेवतात. पटली तर चिठ्ठी तिथेच राहते. नाही पटली तर वारा नसतानाही परत येते.

नेवाळकर सर शाळेत व्यायाम शिकवत. यंदा प्रथमच नववी-ब ची सहल टेकडीवर ठरली, आणि मुख्याध्यापिकांनी नियम काढला की वर्गासोबत जो शिक्षक माथ्यावर पोचेल, वर्षभर शिट्टी त्याच्याकडे. सर पोचले नाहीत तर ती चित्रकलेच्या कुलथेबाईंकडे जाणार होती. एकोणीस वर्षे ती सरांच्या गळ्यात होती. त्या एकोणीस वर्षांत ते स्वतः कधी पळाले नव्हते. पळणे ही मुलांना द्यायची गोष्ट होती. गृहपाठ नाही? दोन फेऱ्या. हसलास? चार फेऱ्या.

शनिवारी सकाळी मुलांनी रांगेत चिठ्ठ्या दिल्या. "वरून आमची म्हैस केवढीशी दिसते ते बघणे." राहिली. "दम लागल्यावर छाती ढोलासारखी वाजते, ती ऐकणे." राहिली. साहिल बोबडेची मात्र परत आली.

"आईने सायकल कबूल केलीय," साहिल म्हणाला.

"सायकल वजा केली तर काही उरतं का?" मुजावरभाऊंनी विचारले.

"वर बोरं आहेत."

"मग ते लिही की!"

सरांनी ठळक अक्षरात 'आरोग्य' लिहिले. चिठ्ठी परत आली.

"कोणाचं आरोग्य, सर?"

"सर्वांचं!"

"म्हणूनच आली. इथे एकट्याचं लागतं."

सरांनी 'शिस्त' लिहिले. ती चिठ्ठी इतक्या जोरात आली की थेट त्यांच्या खिशात बसली. शेवटी त्यांनी हाताने झाकून खरे काय ते लिहिले: 'शिट्टी जाऊ नये.'

मुजावरभाऊ हळू आवाजात म्हणाले, "भीती दहा पायऱ्यांपर्यंत चालते, सर. पुढे टेकडीला कळतं."

"सर, गृहपाठ विसरलाय असं समजून दोन फेऱ्या मारा ना," ओवी घाटगे म्हणाली.

"चार फेऱ्या!" सर सवयीने ओरडले.

"वरपर्यंत चारदा? चालेल, सर!" म्हणत ती पळाली. तिच्यामागून वर्ग गेला. कुलथेबाईही गेल्या. त्यांना वरून नदीचे वळण काढायचे होते.

सर खाली येरझारा घालू लागले. थोड्या वेळाने वरून हसण्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला, आधीपेक्षा मोठा.

"मुजावर, कशाला हसताहेत हो?"

"मला खिडकी सोडता येत नाही, सर."

"अहो, पण एवढं हसण्यासारखं वर आहे तरी काय?"

"लिहून द्या."

सरांनी लिहून दिले. चिठ्ठी राहिली.

अकरावी पायरी अकरावीच निघाली. सरांनी खात्रीसाठी मागे वळून मोजल्या. मग छाती वाजू लागली आणि मोजणे राहून गेले.

माथ्यावर ओवी गळ्यात सुतळीला बोर बांधून, पोट पुढे काढून चालत होती. "हसलास? चार फेऱ्या!" कुलथेबाई डोळे पुसत होत्या. सरांना पाहताच ओवीने पोट आत घेतले. सरांनी शिट्टी तोंडाला लावली. नुसती हवा आली.

"माझं पोट... एवढं पुढे... नसतं," ते म्हणाले.

"असतं, सर," ओवी खाली बघत म्हणाली.

सरांनी कुलथेबाईंकडे पाहिले.

"असतं," बाई म्हणाल्या आणि वहीत लिहिले: नेवाळकर सर, माथ्यावर पोचले, सात वाजून दहा मिनिटे.

सोमवारी खिडकी उघडण्याआधीच सर हजर होते. हातात चिठ्ठी होती: 'वर पोचल्यावर शिट्टी वाजवण्याइतका दम उरतो का, ते बघणे.' मुजावरभाऊंनी ती पायरीवर ठेवण्यासाठी खिडकीतून हात बाहेर काढला, तोवर सर बाराव्या पायरीवर होते, चिठ्ठीसकट. मुजावरभाऊंनी त्यांना हाक मारली नाही. अकरावीच्या पुढे खिडकीचा अधिकार चालत नाही.