कारळ्यातलं लोखंड

दाक्षायणीची वर्षभराची मेहनत स्टीलच्या एका ताटलीत मावत होती, आणि ती ताटली शुक्रवार पेठेतल्या तिच्या गच्चीवरून गायब झाली होती.

ताटलीत काळी पूड होती. औषधं तयार करताना रासायनिक क्रिया घडवायला महागडे धातू लागतात. तेच काम दाक्षायणी स्वस्तातल्या लोखंडाकडून करून घेत होती. काम झालं की पूड लोहचुंबकानं ओढून घ्यायची आणि पुन्हा वापरायची. ‘पूड पूर्णपणे परत मिळते,’ असं तिनं प्रबंधात ठासून लिहिलं होतं. उद्या बाहेरगावचे परीक्षक ते बघायला येणार होते. कॉलेजचा ओव्हन बिघडला म्हणून तिनं पूड घरी आणून उन्हात वाळत ठेवली. सोलापुरात मे महिन्यात ओव्हन हवाय कुणाला!

शेजारीच सासूबाईंनी, म्हणजे काशम्मांनी, भाजलेलं कारळं पसरलं होतं. तेही काळंच. त्यांनी दोन्ही एका डब्यात भरलं आणि चटणी कांडायला डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, गेल्या. ताटली मोरीत धुऊन पालथी घातलेली दिसली, तेव्हा दाक्षायणी अनवाणीच डंकाकडे धावत सुटली.

डंकवाला गुरुशांत मोठा सावध माणूस. एकदा खिळ्यानं डंक बिघडल्यापासून तो सगळा माल आधी लोहचुंबकावरून सोडायचा. आज त्या लोहचुंबकाला चांगली काळी दाढी आली होती.

“काकू, तुमच्या रानात लोखंड पिकतंय का काय?” तो विचारत होता. रांगेतल्या बायका हसत होत्या आणि काशम्मा रागानं लाल झाल्या होत्या.

दाक्षायणीनं ती दाढी कागदावर खरवडून घेतली आणि पायरीवर बसून चक्क रडली, इतकं तिला हायसं वाटलं. मग सगळ्यांसमोर सासूबाईंची माफी मागितली.

कारळं कांडून घेऊन दोघी घरी आल्या. काशम्मांनी भाकरीवर ताजी चटणी घातली, वर तेल सोडलं.

“लोखंड समदं निघालं न्हवं?”

“व्हय आई, पूर्ण निघालं.”

“मग पैला घास तू घे की.”

दाक्षायणीनं घास उचलला, तोंडापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. चटणी कचऱ्यात गेली. काशम्मा हळहळल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी प्रबंधातल्या नेमक्या त्याच शब्दाभोवती लाल गोल काढून आणला होता.

“पूर्णपणे? खात्री आहे?”

“नाही सर. जवळजवळ सगळी मिळते. उरलेलं मात्र खाण्यासारखं राहत नाही.”

खाण्याचा विषय कुठून आला ते परीक्षकांना कळलं नाही. पण वाद घालायच्या तयारीनं आलेल्या माणसाला वादाचं कारणच उरलं नाही, तेव्हा त्यांनी प्रबंधावर सही केली.