डावीकडच्या सीटवरचे साळवे काका

साळवे काकांना गाडी चालवता येत नाही. तरीही आमच्या सावेडीच्या कॉलनीतल्या निम्म्या गाड्या त्यांनीच चालवल्या आहेत असं मी म्हटलं, तर कॉलनीतलं कुणी मला खोटं ठरवणार नाही. त्या त्यांनी डावीकडच्या सीटवर बसून, तोंडानं चालवल्या.

गाडीत बसले की आधी सीट पुढे ओढायची, मग चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा आणि गाडी फाटकाबाहेर पडली की सुरू करायचं. “डावीकडून स्कूटी. बाई हायेत, मागं बघत न्हाईत. दिसलं ना?” “पुढं टेम्पो. मागचा दिवा गेलाय त्याचा. दिसलं ना?” तुम्ही तोंडानं ‘दिसलं’ म्हणेपर्यंत काका पुढच्या वाहनाकडे वळत नाहीत. नुसती मान हलवलेली त्यांना चालत नाही. सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, त्यामुळे मान हलवणारा माणूस ऐकत नसतो याची त्यांना पक्की खात्री आहे.

ही सवय गाडीपुरती राहिली असती तर एक वेळ ठीक होतं. पण लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले तरी “उजवीकडून मठ्ठा येतोय, दिसलं ना?” असं सांगतात. एका रविवारी चर्चमध्ये प्रवचन संपवून पास्टर खाली उतरायला लागले, तेव्हा पहिल्या बाकावरून हळूच “पायरी” असा आवाज आला होता म्हणे. पास्टरांनीही सवयीनं “दिसली” म्हटलं. ते काकांना दोनदा पुण्याला घेऊन गेले होते.

रस्त्यावरच्या जिवांचा काकांचा अभ्यास मात्र दांडगा. “म्हशीचं ठरलेलं असतं. ती निघाली की निघाली, आपण थांबायचं. शेळीचं काहीच ठरलेलं नसतं. कुत्र्याचं ठरतं, पण ते मधेच बदलतं.” दुचाकीवर तिघं दिसले की ते मधल्याकडे बघायला सांगतात. मधला बोलत असेल तर पुढचा हमखास मागे वळून बघणार. आणि कुणी हात दाखवला म्हणून तो तिकडे वळेल असं धरून चालायचं नाही, कारण काही लोक नुसते ओळखीच्या माणसाला हात करतात. मी विज्ञान शिकवते, आणि यातलं काहीही मला आजपर्यंत खोडून काढता आलेलं नाही.

मी रोज नगरहून राहुरीला शाळेत जाते, गाडी स्वतः चालवत. आठवड्यातून दोन-तीनदा काका बरोबर येतात. राहुरीला त्यांचं काहीही काम नसतं. पण तसं कबूल करायचं नाही म्हणून कधी तिथले पेरू चांगले असतात, कधी तिथला न्हावी. काकांच्या डोक्यावर न्हाव्याला करण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मला शाळेपाशी सोडतात (हा त्यांचाच शब्द) आणि एसटीनं परत येतात. ते असं का करतात याचं मला पहिल्यापासून कुतूहल होतं. मी कॉलनीत राहायला आले तेव्हा काकू जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, त्यामुळे वेळ जात नसेल असं मी आपलं ठरवून टाकलं.

गेल्या काही वर्षांत मात्र काकांच्या सीटवर संक्रांत आली. लोकांनी नव्या गाड्या घेतल्या आणि त्या गाड्या बोलायला लागल्या. समोरच्या क्षीरसागरांची गाडी तर पुढच्या गाडीचं अंतर बघून आपोआप हळू होते, रस्त्यावरचा पांढरा पट्टा सोडला की पिकपिक करते, बाजूला कुणी आलं की आरशात दिवा लावते. त्यांच्याबरोबर काका एकदा शिर्डीपर्यंत गेले. परत आल्यावर क्षीरसागर मला म्हणाले, “गाडी आणि काका दोघं एकदम बोलतात हो. कुणाचं ऐकायचं? कोल्हारच्या पुलावर मी गाडीला ‘दिसलं’ म्हणालो.” त्यानंतर त्यांच्या गाडीत काकांसाठी जागा होईना. कधी सामान असायचं, कधी पाहुणे. हळूहळू बाकीच्या घरांतही असंच झालं. उरले मी आणि माझी जुनी, काहीही न बोलणारी गाडी.

आणि दिवाळीनंतर तीच बदलायची वेळ आली. प्रश्न एवढाच होता की साधं मॉडेल घ्यायचं, की आपोआप ब्रेक लावणारं, पट्टा सांभाळणारं वरचं. वरच्याचे पैसे ऐकून मला घाम फुटला होता. काकांनी हिशेब त्यांच्या पद्धतीनं केला. “म्हंजे दोन चांगल्या जर्सी गायी. आणि त्या दूध तरी देतात.” मग जरा थांबून म्हणाले, “मी येतो बघायला. तपासून घेतलं पाहिजे.” तपासणी कशाची आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. वरचं मॉडेल आलं असतं तर कॉलनीतली काकांची शेवटची सीट गेली असती.

शोरूममधल्या शेख मॅडम चाळिशीच्या, शांत बाई होत्या. त्यांनी काचेवरचा कॅमेरा दाखवला, बंपरमधलं रडार दाखवलं. काकांनी वाकून दोन्हीकडे नीट बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला.

“बैलगाडी ओळखते का?”

“समोर काही आलं तर कळतं तिला, सर.”

“काही म्हंजे? बैल आणि पोतं तिला सारखंच?”

“थांबायचं तर दोन्हीला आहे ना, सर.”

काकांनी पुन्हा एकदा वाकून बंपरकडे बघितलं. मला बाई आवडल्या.

आम्ही गाडी घेऊन निघालो. मी चालवायला, काका डावीकडे, शेख मॅडम मागे. विळदच्या पुढे सरळ रस्त्यावर मी वेग ठरवून दिला आणि पायांना काम उरलं नाही. पुढचा ट्रक हळू झाला तशी गाडी हळू झाली, तो निघाला तशी निघाली. मला तर पहिल्या पाच मिनिटांतच ती घरी न्यावीशी वाटायला लागली. काका कान देऊन बसले होते. पुढे रस्त्याचं काम चाललं होतं आणि नव्या डांबरावर अजून पांढरे पट्टे मारलेले नव्हते. पडद्यावरचं पट्ट्याचं चित्र विझलं.

“काय झालं?” काका म्हणाले.

“पट्टे दिसेनात तिला,” मॅडम म्हणाल्या. “अशा ठिकाणी आपणच सांभाळायचं.”

“पट्टा न्हाई तर ती आंधळी,” काका मला म्हणाले, आणि सीट आणखी थोडी पुढे ओढली.

तिथून आम्ही एका गावाच्या रस्त्याला वळलो. तिथे निम्म्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं आणि कडेनं ओळीत दगड मांडले होते. समोरून एसटी आली. मी जागा द्यायला थोडी सोयाबीनच्या बाजूला सरकायला गेले, तर स्टिअरिंग हलकेच मला परत ढकलायला लागलं. दगडांची ती ओळ गाडीनं पट्टा धरली होती. मी जोर लावून चाक सोयाबीनवर घातलं, एसटी गेली. काका इतके खूश झाले की त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. “शेतकऱ्याच्या बाजूची हाय गाडी. धान्यावर जाऊ देत न्हाई. पण एसटीनं आपल्याला चेपलं असतं त्याचं काय?” शेख मॅडमही हसल्या. तपासणीत काका जिंकत होते आणि आता ते रोज राहुरीपर्यंत सांगत बसणार, हे मला दिसत होतं.

परत हमरस्त्याला लागलो. कारखाने सुरू झाले होते, त्यामुळे कडेला उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या. काकांनी नेहमीसारखं सुरू केलं. “डावीकडं दोन ट्रॉल्या जोडून. मागच्या ट्रॉलीचा ऊस लोंबतोय, जरा लांबनं घे. दिसलं...”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीनं ब्रेक मारला. कचकन. मी मारला नव्हता. ट्रॉलीच्या आडून एक दूधवाला मोटारसायकलवर थेट आमच्यासमोर निघाला होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. तो बंपरपुढून अगदी थोडक्यात निसटला, कॅन खडखडले. “बघून चालवा की, मावशी,” असं म्हणून तो रस्ता ओलांडून निघूनही गेला. मला तो दिसला नव्हता. काकांनाही दिसला नव्हता.

मी गाडी पुढच्या चहाच्या टपरीपाशी थांबवली. शेख मॅडम शोरूमला फोन करायला बाजूला गेल्या. काका चहा हातात धरून बसले, प्यायले नाहीत.

“घे तू ही,” ते म्हणाले.

“महाग आहे, काका. आणि निम्म्या रस्त्याला तिला पट्टेच सापडत नाहीत.”

“पट्ट्याचं सोड. त्याला आपल्याकडं काही किंमत न्हाई. पण आत्ता जो ब्रेक लागला, तो मला सांगता आला नसता. मी ‘डावीकडून’ म्हणेपर्यंत तो गडी खाली असता. बोलायला वेळ लागतो, वैशाली. तू रोज एकटी जातीस. घे.”

हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मला फार वाईट वाटलं. या माणसाला खोटं बोलून ते मॉडेल सहज नापास करता आलं असतं. त्यांनी ते केलं नाही. मी मग इतके दिवस मनात असलेलं विचारून टाकलं. म्हटलं, काका, ही सवय तुम्हाला लागली कुठून?

“सुमनमुळं,” ते म्हणाले.

सुमनकाकू दवाखान्यात नर्स होत्या. खेड्यापाड्यांत बाळंतपणाला जावं लागायचं म्हणून त्या गाडी शिकल्या होत्या. लहानपणी बाभळीचा काटा लागल्यामुळे त्यांना डाव्या डोळ्यानं फार कमी दिसायचं. ही गोष्ट त्यांनी दवाखान्यात फारशी सांगितली नव्हती. म्हणून शाळा सुटली की साळवे सर त्यांच्या डाव्या हाताला जाऊन बसायचे आणि डावीकडचं सगळं सांगायचे. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर.

“दोघांनाही पुढंच बघावं लागायचं,” काका म्हणाले. “भांडन झालं असलं तरी बोलावं लागायचं. म्हैस आली तर अबोला कसा धरणार? सुमन गेल्यावर घरात कुनाला काय सांगायचं तेच कळंना. मग लोकांच्या गाडीत बसायला लागलो.” त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. “तेव्हा असली गाडी न्हवती ते बरं झालं.”

“का?”

“सुमन एकटी गेली असती की.”

मी वरचं मॉडेल घेतलं. पैसे वसूल होतात का, असं मला आता बरेच जण विचारतात. मी सांगते, रस्ता कोणता, जाणारा एकटा आहे की बरोबर कुणी आहे, यावर ते आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई सरळ उत्तर देत नाही.

गाडी आल्यावर काका खाली येईनासे झाले. आठवडाभर वाट बघून मी त्यांच्या घरी गेले. म्हणाले, आता सावेडीतलाच न्हावी बरा हाय. मी म्हटलं, “काका, ती गाडी ब्रेक मारते, पण तिच्याशी बोलता येत नाही. मला एकटीला जायचा कंटाळा येतो. उद्या या.” सकाळी ते फाटकापाशी उभे होते.

त्या दिवशी त्यांनी सीट पुढे ओढली नाही. मागे रेलून बसले, हात मांडीवर. अवघडल्यासारखे दिसत होते, काम नसलेल्या माणसाचे हात दिसतात तसे. विळद गेलं. गाडीनं एकदा पिकपिक केलं, एकदा आपणहून हळू झाली. काका खिडकीबाहेर शेतं बघत होते. इतक्या वर्षांत हा रस्ता त्यांनी फक्त समोरून बघितला असणार.

“सुमन लई हळू चालवायची,” ते अचानक म्हणाले. “मला वाटायचं, डोळ्यामुळं चालवती. म्हनून मी कधी काही बोललो न्हाई. शेवटी आजारी होती तेव्हा म्हनाली, अहो, डोळ्याचं काय एवढं. तुमी शेजारी असायचात, लवकर पोचून काय करायचं हुतं?”

रस्ता मोकळा होता. मी स्टिअरिंगवरचं बटण दाबून वेग थोडा कमी केला, आणि मग आणखी थोडा.